औषध एकच, कुपी सूक्ष्म!

आपल्या यवतमाळकडे ‘औषध’ म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक दवाखान्यातलं, दुसरं कपाशीवर फवारायचं. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन्ही औषधांपुढचा प्रश्न मात्र एकच आहे. हवं तेवढंच, हवं तिथेच आणि हव्या त्या वेगाने ते सोडायचं कसं?

यावरचा एक उपाय म्हणजे मायक्रोकॅप्सूल. यात औषधाचा थेंब पॉलिमरच्या पातळ कवचात बंद करतात. औषध कवचातून हळूहळू झिरपतं किंवा कवच झिजेल तसं बाहेर येतं. ‘पीएलजीए’ हे पॉलिमर पाण्याने तुटून लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ल बनतं आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. याच पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांतून महिनाभर पुरणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झालं.

बीकरमध्ये ढवळूनही कॅप्सूल होतात, पण लहान-मोठ्या. व्यास दुप्पट झाला की आतलं औषध आठपट! मग डोसचा भरवसा कसा धरणार?

इथे मायक्रोफ्लुइडिक्स कामी येतं. काचेच्या केशनळ्या एकात एक बसवायच्या. आतून औषधाचं पाणी, त्याभोवती पॉलिमरचं द्रावण आणि समोरून बाहेरचं पाणी सोडायचं. तिन्ही प्रवाह एका अरुंद तोंडातून जाताना धार तुटते आणि थेंबात थेंब तयार होतो. द्रावक उडून गेला की कवच उरतं. २००५ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड वाइट्झ यांच्या गटाने हे करून दाखवलं.

सगळे थेंब सारखे का? १०० मायक्रोमीटरच्या नळीत पाणी सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने गेलं, तर रेनॉल्ड्स अंक येतो फक्त १. म्हणजे खळबळ नाहीच. प्रवाहांचे वेग बदलले की थेंबाचा आकार आणि कवचाची जाडी बदलते.

आता जरा हिशोब करू. १०० मायक्रोमीटरचा थेंब म्हणजे सुमारे ०.५२ नॅनोलिटर. सेकंदाला १००० थेंब पाडले तरी तासाला २ मिलिलिटरही भरत नाहीत. एक लिटरला लागतील २२ दिवस! इंजेक्शनच्या मोजक्या मात्रेला हे चालेल, पण शेताला कसं पुरणार? म्हणून ‘लॅम्डा-सायहॅलोथ्रिन सीएस’सारख्या फवारणीच्या औषधांच्या कॅप्सूल मोठ्या टाक्यांत ढवळूनच बनवतात. कवचामुळे कातडीला थेट लागणारं विष कमी होतं, पण संपत नाही. हातमोजे आणि मास्क हवेतच.

हजारो नळ्या शेजारी-शेजारी चालवून प्रत्येकीत सारखाच प्रवाह ठेवायचा, हे खरं कोडं आहे. आणि ते डॉक्टरांचं नाही, आपलं आहे, इंजिनिअरचं. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर कंटाळवाणा वाटला, तर एवढं जरूर आठवा!