भंगारवाल्याचा काटा

भंगारवाल्यानं मशिन काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, सव्वीस किलो. त्यातलं प्लॅस्टिक वजा करावं लागेल." चौदा हजारांना घेतलेल्या क्रॉस ट्रेनरचे सहाशे रुपये हातावर टेकवून तो गेला. वजन किती, हा प्रश्न मी घेताना विचारायला हवा होता. तो विचारला भंगारवाल्यानं, विकताना.

गुडघ्यांची झीज सुरू झाल्यावर डॉक्टरांनी पळणं बंद केलं. "आदळआपट नको. क्रॉस ट्रेनर चालेल," म्हणाले. सल्ला बरोबर होता. यात पाऊल पेडलवरून सुटतच नाही, त्यामुळे पळताना दर पावलाला बसणारा दणका बसत नाही. अमेरिकेतल्या प्रिकॉर कंपनीनं १९९५ मध्ये हे यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून त्याचं मोठं आकर्षण हेच. पण जिममधल्या मशिनवर पाऊल २० इंचांच्या आसपास पडतं. मी सेलमध्ये, रात्री अकरा वाजता, फोनवर बघून घेतलेल्या मशिनवर ते १२ इंचच पडत होतं. नाव एक, चाल वेगळी.

माझी उंची पाच फूट दहा इंच. १२ इंचांच्या पावलात पाय पुढे-मागे जाण्याऐवजी नुसते वर-खाली होतात. अरुंद जिना चढत राहिल्यासारखं. पंधरा दिवसांत जे गुडघे वाचवायचे होते तेच कुरकुरायला लागले. म्हणून पहिली गोष्ट: पेडलचं पाऊल किती इंचांचं, ते विचारा. साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाला १८ ते २० इंच लागतात. उंची कमी असेल तर १४ ते १६ इंचांत भागतं. घरातल्या सगळ्यांनी वापरायचं असेल, तर सर्वांत उंच माणसाचं माप धरा. दोन पेडलमधलं अंतरही बघा. ते जास्त असलं की पाय फाकवून चालावं लागतं आणि कंबर धरते.

दुसरी चूक माळ्याची. मशिन बेडरूमच्या कोपऱ्यात, माळ्याखाली बसवलं. माळा सात फुटांवर. पेडल वर आलं की मी जमिनीपासून सव्वा फूट उंच. पहिल्याच दिवशी टाळकं आपटलं. हिशोब सोपा आहे: आपली उंची, अधिक पेडल सर्वांत वर असतानाची उंची, अधिक निदान सहा इंच. वर पंखा असेल तर छतापर्यंत नाही, पात्यापर्यंत मोजा.

तिसरी गोष्ट आतली, म्हणून जाहिरातीत झाकलेली. फ्लायव्हील म्हणजे आतलं जड चाक. ते हलकं असेल तर दर फेऱ्याला पेडल अडखळतं, झटका बसतो. माझं चार किलोचं होतं. ताण कमी-जास्त करायला त्यावर पट्टा घासायचा. तो झिजला आणि कुईकुई सुरू झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चौथ्या दिवशी विचारलं, "पहाटे पाच वाजता काय दळता हो?" चुंबकाचा ताण असलेलं मशिन घ्या. चुंबक चाकाला टेकतच नाही. मग घासणार काय आणि वाजणार काय? मशिनवर लिहिलेली वजनमर्यादाही आपल्या वजनापेक्षा वीसेक किलो तरी जास्त हवी.

मी भुललो होतो तो पडद्याला: वेग, अंतर, नाडी, कॅलरी. ज्या पडद्यानं माझं वजनसुद्धा विचारलं नाही, त्याला माझ्या कॅलरी कुठून कळणार?

वॉरंटीचा कागदही नीट वाचा. माझी एक वर्षाची वॉरंटी सांगाड्याला होती. झिजले ते सांध्यातले प्लॅस्टिकचे बुश, आणि ते वॉरंटीत नव्हते. दुरुस्तीचा माणूस आपल्या गावात येतो का, येण्याचे किती घेतो, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि दुकानात जाऊन, बूट घालून, मशिनवर निदान पंधरा मिनिटं चाला. दोन मिनिटांत सगळीच मशिनं गोड वाटतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. जे पंधरा मिनिटं सोसवत नाही, त्यावर अर्धा तास कोण चढणार?

त्याहून आधी एक करा. दोन महिने जिममधला क्रॉस ट्रेनर वापरून बघा. मी ते दुसऱ्या खेपेला केलं. सवय टिकते अशी खात्री झाल्यावर, परदेशी निघालेल्या एका कुटुंबाचं जुनं मशिन बघायला गेलो. खिशात टेप होता. पाऊल १९ इंच, चाक जड, आवाज नाही. तरी उचलून बघायचा प्रयत्न केला. जागचं हललं नाही.

लिफ्टच्या दारातून ते आत जाईना, म्हणून चार हमालांनी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. दुसऱ्या वळणावर एकानं घाम पुसत विचारलं, "काका, काय लोखंड भरलंय का यात?"

म्हटलं, "हो. या वेळी भरलंय."