एका विनाशिकेचे सेवापुस्तक

कला शाखेच्या विद्यार्थ्याला युद्धनौकेशी काय कर्तव्य, असा प्रश्न माझ्या वर्गमित्रांनी मला केला. प्रश्न रास्त आहे. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला नदी आहे, समुद्र नाही. परंतु शिळ-बदलापूर रस्त्याने जाता-येता अंबरनाथला नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेची पाटी मी लहानपणापासून पाहत आलो. समुद्रापासून इतक्या दूर नौदलाचे काय काम, या कुतूहलातून मी 'आयएनएस मुंबई' या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेच्या सेवेचा अभ्यास सुरू केला.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'विनाशिका' हा 'डिस्ट्रॉयर'चा मराठी पर्याय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या लहान, चपळ नौका मोठ्या युद्धनौकांच्या जिवावर उठल्या. त्यांचा समाचार घेण्यासाठी जी नौका निर्माण झाली, ती डिस्ट्रॉयर. म्हणजे नाव संहाराचे असले, तरी मूळ काम राखणदाराचे होते.

'मुंबई' ही दिल्ली वर्गातील तिसरी नौका. माझगाव गोदीत १९९२ मध्ये तिचा कणा ठेवला गेला, १९९५ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि २२ जानेवारी २००१ रोजी ती नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १६३ मीटर, वजन साडेसहा हजार टनांहून अधिक. शत्रूच्या जहाजांसाठी 'युरान' आणि विमानांसाठी 'श्टिल' ही क्षेपणास्त्रे तिला देण्यात आली.

एवढी शस्त्रे असूनही तिचा रोजचा शत्रू आहे खारे पाणी. ते पोलाद खाते. तळाला शिंपले व शेवाळ धरले की वेग घटतो आणि इंधन वाढते. यावर उपाय शोधणे हेच अंबरनाथच्या प्रयोगशाळेसारख्या संस्थांचे काम. जहाजाच्या तळाला जस्ताचे वा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवतात. ते आधी झिजतात आणि पोलाद वाचते. दुसऱ्यासाठी स्वतः झिजणाऱ्या धातूची ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकात असली, तरी आपल्या संतांना ती नक्कीच आवडली असती!

आता या सेवापुस्तकातील दोन ठळक नोंदी पाहू. जुलै २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध पेटले. भूमध्य समुद्रातून परतणाऱ्या भारतीय ताफ्याला माघारी वळण्याचा आदेश मिळाला. 'मुंबई', 'ब्रह्मपुत्र', 'बेतवा' आणि 'शक्ती' या नौकांनी बैरूतहून सुमारे २,२८० लोकांना सायप्रसला सुखरूप पोहोचवले. त्यांत भारतीयांबरोबर श्रीलंकेचे आणि नेपाळचेही नागरिक होते. या मोहिमेचे नाव 'सुकून'.

दुसरी नोंद एप्रिल २०१५ ची, मोहीम 'राहत'. येमेनमधील एडन बंदरात गोळीबार चालू होता. धक्क्याला लागणे अशक्य, म्हणून 'मुंबई' बाहेर समुद्रातच उभी राहिली आणि लहान होड्यांतून माणसे तिच्यापर्यंत आणली गेली. चारशेहून अधिक लोकांना घेऊन ती जिबूतीला गेली. जहाजावर जितके नौसैनिक, जवळजवळ तितकेच पाहुणे!

पुढे मुंबईच्या नौदल गोदीत तिचे आधुनिकीकरण झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती विशाखापट्टणमच्या पूर्व विभागात रुजू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने कोलंबोला सदिच्छा भेट दिली.

हे सारे मी आमच्या शेजारच्या सिंधी आजींना सांगितले. फाळणीनंतर कराचीहून आगबोटीने मुंबईस आणि तेथून कल्याण कॅम्पात आलेल्या हजारो कुटुंबांपैकी त्यांचे एक. त्याच लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. आजींना त्या बोटीचे नाव आठवत नाही. शिडीवरून आपल्याला वर ओढून घेणारा एक हात तेवढा आठवतो. एडनची हकिगत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "सगळे आपलेच होते का रे?"

मी म्हटले, "नाही आजी, परदेशातलेही पुष्कळ होते."

"मग फार चांगलं केलं," त्या म्हणाल्या.

मित्रहो, युद्धनौकेशी आपले काय कर्तव्य, या प्रश्नाचे उत्तर मला त्या एका वाक्यात मिळाले. ज्या गावाची पहिली पिढी बोटीतून उतरली, त्या गावाला किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसाचे मन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.