मतदान केंद्राची वाट

मुलांनो, मतदानाच्या दिवशी तुमच्या शाळेला सुट्टी मिळते, कारण त्या दिवशी तुमचाच वर्ग मतदान केंद्र झालेला असतो. केंद्रासाठी बहुधा शाळाच का निवडतात, असा प्रश्न तुम्हांस कधी पडला आहे काय?

शाळेची वाट साऱ्या गावाला ठाऊक असते. ती कोणा एकाच्या मालकीचीही नसते. आपल्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ नागरिकास मताचा हक्क दिला आहे. परंतु हक्क असणे निराळे आणि तो बजावण्यासाठी भर उन्हात चालत जाणे निराळे. एखाद्या मजूर बाईचे उदाहरण घ्या. केंद्र वाडीतच असेल, तर ती कामावर जाता जाता मत देईल. तेच दोन कोस दूर असेल, तर तिची मजुरी बुडेल. कडेवर तान्हे मूल असले, तर विचारायलाच नको. ज्याच्या दारी मोटार आहे, त्यास मात्र ते अंतर जाणवणारही नाही. माझ्या शाळेतील केंद्रावर मी हेच पाहत आलो. सकाळच्या रांगेत शेजारपाजारचे लोक असत. दूरच्या वाडीतील माणसे दुपारी घामाघूम होऊन येत, आणि काही येतच नसत.

हा केवळ एका गावचा अनुभव नव्हे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्यात २००३ साली केंद्रांची संख्या पुष्कळ घटविण्यात आली. ज्यांचे केंद्र बदलले, त्यांच्यापैकी केंद्रावर येणारे कमी झाले. काहींनी टपालाने मत पाठविले. तरीही सारी तूट भरून निघाली नाही.

आपल्या निवडणूक आयोगाचा दंडक असा की, मतदारास सामान्यतः दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये. केंद्र शक्यतो तळमजल्यावर असावे. ते पोलीस ठाण्यात, रुग्णालयात वा देवळात नसावे. दुर्बल लोकांच्या वस्तीत, मतदार थोडे असले तरी, स्वतंत्र केंद्र द्यावे, असेही आयोग सांगतो. हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ज्या गल्लीतून भीत भीत जावे लागते, ती चार पावलांची असली तरी लांबच.

२०२४ साली अरुणाचल प्रदेशातील मालोगाम येथे एका स्त्रीच्या एका मतासाठी कर्मचारी मतदानयंत्र घेऊन डोंगर चढून गेले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या फुगलेल्या पाण्याने वेढलेल्या काही गावांकडे, ते यंत्र होडीतून जाते.