लाट कुठे फुटत नाही ते पाहा

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठी आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात आणि आल्या आल्या पाण्यात धावतात. गणपतीपुळ्याला जीवरक्षक असतात, शिट्टी वाजली की लोक बाहेर येतात. आमच्या पुळणीवर शिट्टी वाजवणारे कोणी नाही. म्हणून गुरुजींनी शिकवलेले इथे लिहिते.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि पहाटेही साधारण तेव्हाच. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. (अपूर्णांक कशाला शिकायचे असे विचारणाऱ्यांनी हे करून पाहावे.) पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, तो भांग.

लाट वाऱ्यामुळे होते. पण वारा इथेच पाहिजे असे नाही. लांब समुद्रात वादळ झाले तरी त्याच्या लाटा इथपर्यंत येतात. आभाळ निळे आहे म्हणून समुद्र शांत आहे असे समजू नये. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय वाळूला अडतो, माथा पुढे जातो आणि ती फुटते. म्हणून जिथे पांढरा फेस, तिथे खाली वाळू वर आलेली असते.

मग लाटांनी आणलेले एवढे पाणी परत जाते कुठून? वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट वाट असते, तिथून ते जोरात आत जाते. हीच ओढ. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद किंवा गढूळ दिसते आणि वरचा फेस आत जाताना दिसतो. पाहुण्यांना तीच जागा शांत वाटते!

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी आम्हाला पुळणीवर घेऊन गेले. कोणी पाण्यात पाय घालायचा नाही, असे आधीच बजावले होते. त्यांनी नारळाचे एक सोडण फेसात टाकले. ते तीन लाटांत परत आले. दुसरे शांत पट्ट्यात फेकले. ते थोडे आडवे सरकले आणि मग सरळ आत. आम्ही शंभर आकडे म्हणेपर्यंत ते ठिपक्याएवढे झाले. सगळी मुले गप्प झाली.

फळीवर उभे राहून लाटेवरून घसरतात त्या खेळाला सर्फिंग म्हणतात. २०२१ साली टोकियोला झालेल्या ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. ते खेळाडू मुद्दाम ओढीतून आत जातात, कारण हात कमी मारावे लागतात. पण त्यांची फळी दोरीने पायाला बांधलेली असते आणि ती तरंगते. आपल्या पायाला काय आहे?

ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. तिच्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही, दमायला होतं आणि दमलेला माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर, फेस दिसतो त्या बाजूला पोहायचे. ओढ फार रुंद नसते. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगायचे, हात वर करायचा, ओरडायचे. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तिचा जोर ओसरतो. काठावरच्याने मागोमाग उडी टाकू नये, नाहीतर दोघे जातात. दोरी फेकावी, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा, रापणीवाल्या काकांना हाक मारावी, ११२ ला फोन करावा.

पावसाळ्यात तर जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते.

आमच्या पुळणीवर खडकाच्या कडेला आणि ओहोळ मिळतो तिथे बहुतेक वेळा ओढ असते. सुकतीला ती वाढते. वाळू सरकली की दुसरीकडेही होते, म्हणून दर वेळी उंचावरून दहा मिनिटे पाहावे लागते.

येत्या रविवारी बोरिवलीचे मामा येणार आहेत, बरोबर दोन लहान भावंडे. त्या दिवशी षष्ठी आहे. म्हणजे भरती साडेचारला आणि सकाळी सव्वादहाच्या सुमारास पूर्ण सुकती. मामा चहा पिऊन दहालाच निघतात. मी आईला आधीच सांगून ठेवले आहे की त्यांना घावणे करायला घ्या, उशीर होऊ दे.