दौंड जंक्शन : एका स्थानकाचा आणि दोन तालुक्यांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, तर दौंड भीमेच्या काठी. आणि घोड पुढे भीमेलाच मिळते. पाऊसमान, शेती, बोली आणि सोयरीक या सर्व बाबतींत दोहोंत फारसा भेद नाही. तथापि एका बाबतीत या शेजाऱ्यांचे दैव अगदी भिन्न ठरले. दौंडला १८५८ मध्ये लोहमार्ग आला. शिरूरला तो अद्यापि आलेला नाही. रेल्वेचे स्थानक गावाला काय देते, त्याच्याकडून काय घेते आणि ते नेमके कोठे व्हावे हे कोण ठरवितो, या प्रश्नांचा अभ्यास करावयाचा झाल्यास याहून सोयीचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको.

रेल्वेपूर्वीचा मुलूख

लोहमार्ग येण्यापूर्वी या दोन गावांत अधिक नावाजलेले होते ते शिरूर. पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) जाणारा हमरस्ता तेथे घोड नदी ओलांडतो. म्हणूनच गावाला घोडनदी असेही नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी येथे लष्करी छावणी ठेविली. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी पुण्याकडे निघाली ती याच छावणीतून. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली.

दौंडचा परिसर त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. 'भीमथडीची तट्टे' मराठी फौजांमुळे सर्वश्रुत आहेत; परंतु प्रत्यक्ष दौंड हे नदीकाठचे एक लहान गाव होते. त्याला पुढे महत्त्व लाभले ते सर्वस्वी रेल्वेमुळे.

भीमेच्या खोऱ्यातील रूळ

मुंबई-ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला मुंबई बंदर दख्खनच्या कापूसमुलखाशी आणि पुढे मद्रासकडील मार्गाशी जोडावयाचे होते. मध्ये सह्याद्री उभा होता. बोरघाटाचे काम पुरे होण्याची वाट न पाहता कंपनीने घाटमाथ्यावरील रूळ आधी टाकले. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला आणि १५ डिसेंबर १८५८ रोजी पुण्याहून दिकसळपर्यंत गाडी गेली. याच टप्प्यावर दौंडचे स्थानक आहे. पुढे १८६० मध्ये सोलापूर आणि १८७१ मध्ये रायचूर गाठले गेले व तेथे मद्रासचा लोहमार्ग येऊन मिळाला.

दौंडला गाडी आली तेव्हा घाट अद्याप खुला झालेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८५८ ते १८६३ या काळात मुंबईहून येणारा प्रवासी घाटाच्या पायथ्याशी उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून खंडाळ्यापर्यंत चढे आणि तेथून पुन्हा गाडी पकडे. १८६३ मध्ये घाट खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या त्या चढणीत २५ बोगदे खोदावे लागले आणि काही ठिकाणी चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता. या कामी असंख्य मजुरांनी प्राण गमावले. लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली तीही याच वर्षी, १० जानेवारी १८६३ रोजी. म्हणजे जगात भुयारी रेल्वेचा आरंभ होत असता आपल्याकडील माणसेही डोंगराच्या पोटात रुळांसाठी वाट काढीत होती. मात्र त्यांचा हेतू शहराखालून जाण्याचा नसून दख्खनचा माल बंदरावर नेण्याचा होता.

घाटावर आल्यानंतर मार्ग कोठून न्यावा याचे उत्तर भूगोलानेच दिले. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या काठाने जमीन हळूहळू उतरत जाते. वाफेच्या इंजिनाला चढ मानवत नाही आणि वाटेत जागोजागी पाणी लागते. नदीखोऱ्यात या दोन्ही गरजा भागतात. हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस, दौंड अशी स्थानकांची माळ या रीतीने तयार झाली. शिरूर त्या माळेच्या उत्तरेस राहिले.

स्थानकाचे जंक्शन होते

दौंडला खरे महत्त्व आले ते १८७८ मध्ये. त्या वर्षी दौंड ते मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. नकाशा समोर ठेवल्यास त्याचे प्रयोजन सहज उमगते. मुंबईहून निघणाऱ्या लोहमार्गाचे कल्याणला दोन फाटे होतात. एक थळघाट चढून मनमाड-भुसावळकडे जातो, दुसरा बोरघाट चढून पुणे-सोलापूरकडे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीला एक घाट उतरून दुसरा चढावा लागला असता. मनमाड आणि दौंड यांना घाटमाथ्यावरच जोडल्याने दोन्ही घाट टळले. दिल्लीहून बंगळुरूला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस दौंडवरून जाते, त्याचे कारण हेच होय.

या मार्गाच्या इतिहासाला एक दुःखद बाजू आहे. १८७६ ते १८७८ ही दख्खनमधील भीषण दुष्काळाची वर्षे. या मार्गाच्या मातीकामाचा समावेश दुष्काळी कामांत करण्यात आला होता. घरदार सोडून आलेल्या कुणब्यांनी व मजुरांनी अत्यल्प मजुरीवर ते भराव घातले.

त्याच्या आधीची काही वर्षेही या मुलखाला सुखाची गेली नव्हती. रेल्वेच्या बांधकामामुळे खेड्यांत रोख पैसा आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले. आणि युद्ध संपताच ते कोसळले. दूरच्या बाजाराची तेजी-मंदी आता खेड्याच्या उंबरठ्यावर येऊ लागली होती. कर्ज मात्र पूर्वीच्याच सावकाराचे होते. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथील ग्रामस्थांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. या उठावाची कारणे अनेक होती, हे खरे. तथापि रूळ आले म्हणजे आपोआप भरभराट होते, हा समज किती अपुरा आहे ते यावरून दिसून येते. शेतकऱ्याच्या हाती पतपुरवठा आणि बाजाराची माहिती नसेल, तर रेल्वेचा लाभ मधल्यामध्येच अडतो.

स्थानकाभोवतीचे गाव

जंक्शन झाल्यावर दौंडचे रूपच पालटले. इंजिनांची शेड, कर्मचाऱ्यांच्या चाळी, मालधक्का आणि बाजारपेठ यांचे एक नवे गाव जुन्या गावाशेजारी उभे राहिले. १९१४ मध्ये बारामतीकडे जाणारी नॅरोगेज गाडी सुरू झाली आणि नीरेच्या कालव्यावरील ऊस-गुळाच्या मुलखाला मुख्य मार्गाशी जोडणारी वाट मिळाली. हा मार्ग पुढे ब्रॉडगेज करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर राज्य राखीव पोलीस बलाचे गट येथे आले. त्याच मार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या दिवसांत नावारूपाला आले.

पण रूळ गावाला जोडतात तसे ते दुभंगतातही. दौंड शहराचे दोन भाग रुळांच्या दोहो अंगांना पडले. त्यांना जोडणारी रुळांखालची अरुंद वाट 'कुरकुंभ मोरी' या नावाने ओळखली जाते. जंक्शनचे रूळ देशाच्या चार दिशांना जातात. पण गावातल्या गावात पलीकडे जाण्यासाठी दौंडकरांना मोरीतून वाट काढावी लागते. स्थानकाचा इतिहास लिहिताना फलाटाइतकाच या मोरीचाही उल्लेख व्हावयास हवा.

लोहमार्गाच्या रचनेतही अशी एक अडचण दीर्घकाळ होती. मनमाडचा फाटा दौंडला ज्या बाजूने मिळतो तिच्यामुळे पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीला येथे थांबून इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे लागे. बोरघाटात खंडाळ्याजवळही पूर्वी गाडीची दिशा अशीच बदलावी लागे. अलीकडच्या काळात झालेल्या दौंड कॉर्ड लाईनमुळे हा खोळंबा टाळता येतो. मात्र अशा वेळी गाडी मुख्य स्थानकात शिरत नाही. प्रवासाचा वेळ वाचला, पण थांबा दूर गेला. वाहतुकीच्या सुधारणांत सोय व गैरसोय बहुधा अशी जोडीनेच येतात.

पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर मार्च २०१७ मध्ये या मार्गावर डेमू गाडी सुरू झाली. एप्रिल २०२४ पासून दौंड स्थानक सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावत असल्याने, तशीच उपनगरी सेवा पूर्वेकडेही असावी ही दौंडकर प्रवाशांची मागणी जुनी आहे. नोकरी, महाविद्यालय किंवा रुग्णालय यांसाठी रोज ७५ किलोमीटर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वेळापत्रकातील एका गाडीचा फरक म्हणजे घरी पोचण्याच्या वेळेचा फरक असतो.

रस्त्यावरचे शिरूर

१८७८ नंतर पुण्याहून नगरला रेल्वेने जाता येऊ लागले, पण दौंडचा वळसा घालून. रस्त्याने हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे, तर लोहमार्गाने सुमारे १६०. शिरूर रस्त्यावरच राहिले. वाफेच्या युगात ही उणीव होती. ट्रक आणि एस.टी. आल्यावर तोच रस्ता शिरूरचे बळ ठरला. रांजणगाव येथील औद्योगिक वसाहत त्याच रस्त्याच्या काठी वाढली. परंतु एकाच रस्त्यावर कामगार, ऊस, कांदा, कारखान्यांचा माल आणि अष्टविनायकांचे भाविक यांचा भार पडला म्हणजे काय होते, ते या रस्त्याने प्रवास करणाऱ्यांना सांगावयास नको.

दोन तालुके, एक भुयार

पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ मध्ये झाली. पिंपरी-स्वारगेट मार्गावर शिवाजीनगर, सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाच स्थानके भुयारी आहेत. पहिली दोन १ ऑगस्ट २०२३ रोजी आणि उरलेली तीन २९ सप्टेंबर २०२४ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली. सिव्हिल कोर्ट स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे व तेथून पुढे भुयार मुठा नदीच्या तळाखालून पेठांकडे जाते. वर दाट वस्ती असल्याने रूळ खाली न्यावे लागले. दौंडला जी वस्ती रुळांनी दुभंगली, तशी ती पुण्याच्या पेठांत दुभंगू नये, हाच भुयाराचा मुख्य लाभ होय. त्याची किंमत मात्र फार मोठी असते. म्हणून भुयार सर्वत्र करता येत नाही.

आज दौंडचा प्रवासी पुणे स्थानकावर उतरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला येतो आणि तेथे भुयारी गाडीत बसतो. शिरूरचा प्रवासी एस.टी.ने शिवाजीनगर भागात उतरून तीच गाडी पकडतो. १८५८ मध्ये ज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, ते दोन शेजारी अशा रीतीने जमिनीखाली एकत्र येतात.

पंचायत सदस्य व शिक्षकांसाठी

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. १८५८ मध्ये मार्गाची आखणी कंपनीने केली; गावकऱ्यांना कोणी विचारले नाही. आज मोजणी, सूचना आणि हरकती यांसाठी कायद्याने वाव आहे. गावाजवळून नवा मार्ग जावयाचा असेल तेव्हा केवळ 'स्थानक मिळावे' एवढी मागणी पुरेशी नाही. शिवार कोठे दुभंगते, ओढ्याचे पाणी भरावाखालून कोठे निघेल, फाटक बंद होऊन भुयारी मार्ग झाल्यास पावसाळ्यात त्यात पाणी साचेल काय, उसाची भरलेली ट्रॉली त्यातून जाईल काय, शाळेची मुले कोणत्या वाटेने येतील, हे प्रश्न ग्रामसभेत आणि लेखी स्वरूपात वेळेवर मांडले गेले पाहिजेत. भराव एकदा झाला की पुढील शंभर वर्षे तो हलत नाही. उजनी धरणाच्या वेळी भीमेकाठचा जुना लोहमार्ग हलवावा लागला. पण असे प्रसंग विरळाच.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्थानकावर अवश्य न्यावे. चार मार्ग कोठे फुटतात, पूल कोठे आहे, मोरीची उंची किती, रोज पुण्याला किती जण व कशासाठी जातात, याची नोंद मुलांनी स्वतः करावी. शिरूरच्या शाळांनी तीच पाहणी एस.टी. स्थानकावर करावी आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. दोन तालुक्यांचा पुढील नकाशा ज्यांना आखावयाचा आहे, त्यांनी आधीचा नकाशा कसा आखला गेला हे प्रत्यक्ष पाहिलेले असणे अगत्याचे आहे.