नाव झाकणारा खेळाडू

वाचन : एस्तेर 2:10

मर्दखयाच्या सांगण्यावरून एस्तेरेने राजवाड्यात आपले कुळ उघड केले नाही. हे असत्य झाले काय, असे आगरदांड्याचे तरुण विचारतात. एका खेळाडूच्या चरित्रावरून याचा विचार करू.

सन 1971 च्या मार्चात पूर्व बंगालात सैन्याचा कहर सुरू झाला व त्या वर्षी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांतील फुटबॉल खेळाडूंनी संघ उभारला व सामन्यांचा पैसा स्वातंत्र्यलढ्यास दिला. 25 जुलै रोजी कृष्णनगर येथे पहिला सामना झाला. भारताने त्यांच्या देशास अद्याप मान्यता दिली नव्हती. तरी आपले निशाण लावल्यावाचून खेळावयाचे नाही, असा त्यांनी आग्रह धरला. पुढे ते मुंबईतही खेळले; प्रतिपक्षात क्रिकेटवीर पतौडी होते!

या संघात काझी सलाहुद्दीन हे 'तूर्य हाजरा' या नावाने खेळत, कारण घरची माणसे ढाक्यास अडकली होती. आमच्या मते, स्वतःच्या लाभाकरिता नाव बदलणे निराळे आणि दुसऱ्याचा जीव राखण्याकरिता ते झाकणे निराळे. दिघीहून तरीने येणारा परका मजूर आपले गाव सांगण्यास कचरला, की त्यास लबाड ठरविण्याची आम्हांस घाई होते.

सन 1975 मध्ये सलाहुद्दीन हाँगकाँगच्या कॅरोलाइन हिल संघाचे व्यावसायिक खेळाडू झाले, ते स्वतःच्याच नावाने. एस्तेर कधी बोलली, हे पुढील पाठात पाहू. अध्याय 7 वाचून यावे.