माझ्याच अक्षरातलं मला कळेना

प्रश्न : मी १९९९ साली गणित घेऊन बी.एस्सी. झालो. पुढे बँकेत लागलो आणि त्या विषयाशी संबंध संपला. गेल्या महिन्यात माळा आवरताना दुसऱ्या वर्षाची डिफरन्शियल इक्वेशन्सची वही हाताला लागली. अक्षर माझं, गणितं मीच सोडवलेली, सरांच्या लाल शाईतल्या खुणाही आहेत. पण एक ओळ कळेना. त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय, हे सगळं गेलं कुठे? आणि जाणारच होतं, तर त्या तीन वर्षांत मिळालं काय? मुलगी यंदा पुण्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आहे. तुम्ही तीस वर्षं गणित शिकवलंत. सतरा वर्षांच्या स्वतःला एकच गोष्ट सांगायची झाली, तर काय सांगाल? तेच तिला सांगीन म्हणतो. जाता जाता आणखी एक : तिला कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घालायचंय. घालू द्यावं का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : वही पुन्हा माळ्यावर टाकू नका. तिचं काम आहे, ते शेवटी सांगते.

आधी ‘गेलं कुठे’ ते पाहू. १८८५ साली, म्हणजे पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी, हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाचं स्मरणशक्तीवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. अर्थ नसलेली अक्षरं जुळवून त्याने याद्या केल्या, न चुकता म्हणता येईपर्यंत त्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला बसला. त्याची मोजण्याची रीत मला फार आवडते. ‘किती आठवतं’ यावर तो थांबला नाही. दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला, ते त्याने मोजलं आणि त्याला बचत म्हटलं. वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश, महिन्याने २१ टक्के. म्हणजे सुरुवातीला कडा कोसळावा तसा उतार आणि मग लांबच लांब पठार. पुढे, तरुणपणी पाठ केलेल्या बायरनच्या काही कडव्यांकडे तो बावीस वर्षांनी परतला, तेव्हाही थोडी बचत शिल्लक होती.

तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे लगेच पटेल. पासबुक भरून आणलेलं नाही म्हणून खातं रिकामं ठरत नाही. वहीसमोर बसून एक ओळ कळली नाही, हे खरं. पण तीच वही पेन घेऊन पहिल्या पानापासून चार रविवार सोडवलीत, तर कोऱ्या माणसापेक्षा तुम्ही पुढे जाल याची मला खात्री आहे. माझ्या वर्गात नोकरी सांभाळून पुन्हा शिकायला आलेली चाळिशीतली माणसं मी पाहिली आहेत. पहिले पंधरा दिवस ती रडकुंडीला येतात आणि नंतर अचानक भराभर चालायला लागतात.

आता ‘मिळालं काय’. अमेरिकेतल्या हॅरी बाहरिक या संशोधकांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ माणसांची परीक्षा घेतली. कोणाचं शिक्षण नुकतंच संपलेलं, तर कोणाला पन्नास वर्षं उलटलेली. हे काम १९८४ साली प्रसिद्ध झालं. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गळून जातं, पण जे तेवढ्यात टिकतं ते पुढे पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहतं, असं त्यांना दिसलं. १९९१ साली लिंडा हॉल यांच्यासोबत त्यांनी शाळेतल्या बीजगणिताबद्दल हेच तपासलं. कॉलेजात कॅल्क्युलसपर्यंत किंवा त्याच्या पुढे गेलेल्यांना शाळेतलं बीजगणित जवळजवळ पन्नास वर्षांनीही येत होतं. शाळेत तितकेच गुण मिळवून तिथेच थांबलेल्यांचं मात्र नुसत्या अंदाजाने खुणा केल्यासारखं झालं होतं. कोणाला किती गुण होते, याचा टिकण्याशी फारसा संबंध नव्हता. ज्या गुणांसाठी आपण मुलांची झोप उडवतो, त्यांच्याबद्दलचं हे वाक्य आहे. मी ते दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगत असे.

याचा अर्थ तुमच्या बाबतीत लावून पाहा. डिफरन्शियल इक्वेशन्स विसरलात. पण कर्जाच्या हप्त्याचं सूत्र समोर आलं तर एका बाजूचं पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचं, हे आठवावं लागतं का? नाही ना? वरच्या मजल्यावर तुम्ही तीन वर्षं वावरलात, म्हणून खालचा मजला पक्का झाला. वरचा आज अंधारात आहे, एवढंच.

आता सतरा वर्षांची मी जी मुलगी होते, तिला काय सांगेन. हे लिहायला मला जास्त जागा लागणार आहे.

मी १९८१ साली गारगोटीहून कोल्हापूरला अकरावीला आले. दहावीपर्यंत सगळं मराठीत. वर्गसमीकरण, त्रिकोणमिती, प्रमेय, सिद्धता, सगळं तोंडपाठ आणि कळलेलंही. अकरावीत सगळं एका दिवसात इंग्रजी झालं. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘रिस्पेक्टिव्हली’ हा शब्द आला. रिस्पेक्ट म्हणजे आदर, एवढं मला माहीत होतं. क्ष आणि य यांच्या किमती आदराने तीन आणि पाच कशा असतील, हे मला कळेना. शेजारच्या मुलीला विचारलं असतं तर ती ‘अनुक्रमे’ म्हणाली असती आणि काम झालं असतं. मी विचारलं नाही. न विचारण्याची सवय तिथे लागली आणि ती चार वर्षं टिकली.

पुढे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमचे सर रोज चार ते पाच स्टाफरूममध्ये बसत. ‘शंका असेल तर या’ असं ते प्रत्येक तासाच्या शेवटी सांगत. स्टाफरूम वरच्या मजल्यावर होती. जिन्यापाशी मी किती वेळा जाऊन परत आले असेन! वाटायचं, आत दुसरे कोणी सर असतील, इंग्रजीत काही विचारतील आणि मला प्रश्नच नीट मांडता येणार नाही. चार वाजता मी होस्टेलवर जायची आणि न कळलेलं पाठ करायची. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला आणि एका पेपरात मी नापास झाले. एटीकेटी घेऊन तिसऱ्या वर्षात आले. घरी दोन महिने सांगितलं नव्हतं.

तेव्हा कुठे जिना चढले. अडलं होतं ते कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांतल्या फरकावर. दोन्ही व्याख्यांत तेच शब्द, नुसता क्रम वेगळा, आणि त्या क्रमाने काय बिघडतं ते मला दिसत नव्हतं. सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, मराठीत सांग, काय समजलंय तुला? मी सांगू लागले. तीन वाक्यांवर येऊन थांबले. ते म्हणाले, इथं अडलंय, एवढंच अडलंय. मग त्यांनी विचारलं, तुझा डबा कुठून येतो? मी म्हटलं, गारगोटीच्या एसटीने. आमच्या होस्टेलच्या बऱ्याच मुलींचे डबे तसेच येत. सकाळी आई कंडक्टरकडे द्यायची, आम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. कापडी पिशवीवर निळ्या दोऱ्याने नाव घातलेलं असायचं.

सर म्हणाले, “बघ, प्रत्येक मुलीसाठी एक डबा आहे, हे एक वाक्य. एक डबा असा आहे की तो प्रत्येक मुलीला पुरतो, हे दुसरं. दोन्ही सारखी आहेत का?”

मी स्टँडवरच उभी असल्यासारखं मला लख्ख दिसलं. पहिल्या वाक्यात डबा मुलीगणिक बदलतो. दुसऱ्यात आधी डबा ठरतो आणि मग कोणतीही मुलगी येवो. व्याख्येतला डेल्टा जागेप्रमाणे बदलायचा, की सगळ्या जागांसाठी एकच डेल्टा, एवढाच तो फरक होता. वर्षभर छातीवर बसलेली गोष्ट दहा मिनिटांत उठली. पुढची तीस वर्षं मी हा डबा शेकडो मुलांना दिला आणि एकालाही तो समजला नाही असं झालं नाही.

तर त्या मुलीला मी एवढंच सांगेन : चार वाजता जिना चढ. प्रश्न नीट मांडता येत नसला तरी चढ. मराठीत विचार. आत दुसरे सर असले तर त्यांनाच विचार.

तिला आणखी एक माहीत नव्हतं, तेही सांगेन. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासून खेड्यापाड्यांतली मुलं शिकायला येऊन राहतात, असं कोल्हापूर शहर. माझ्या वर्गातली निम्मी मुलं माझ्यासारखीच एसटीतून उतरलेली होती. प्रत्येकाजवळ आपापला एक ‘रिस्पेक्टिव्हली’ होता आणि प्रत्येक जण तो शेजाऱ्यापासून लपवत होता. फायनलच्या वर्षी आम्ही पाच जणी रात्री एकमेकींना शिकवायला लागलो, तेव्हा हे बाहेर आलं. वही मिटून, कोऱ्या कागदावर, दुसरीला समजेल असं. अभ्यासाची याहून चांगली रीत मला आजही माहीत नाही. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली केलेल्या एका प्रयोगात एक उतारा काही विद्यार्थ्यांनी चारदा वाचला. काहींनी एकदाच वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच होता. मुलीला हे जरूर सांगा, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी मुलं वाचतच बसतात.

‘कमवा आणि शिका’बद्दल : घालू द्या, बिनघोर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. कष्ट करून शिकलेलं पोर मिंधं राहत नाही, ही त्यांची ‘कमवा आणि शिका’मागची धारणा होती आणि ती मला पूर्ण मान्य आहे. दिवसाचे दोन-तीन तास जातील. शक्य असेल तर ग्रंथालयातलं काम माग म्हणावं. पुस्तकं जागेवर लावताना हाताखालून जी जातात, ती कुठल्याही अभ्यासक्रमात नसतात. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मिळते का, तेवढं आधी विचारून ठेवायला सांगा.

आता तुमची वही. मुलीला उपदेशाचं पत्र लिहू नका. सतरा वर्षांची असताना मीही ते वाचलं नसतं. दिवाळीला ती येईल तेव्हा वही काढा आणि म्हणा, हे माझंच अक्षर आहे आणि मला यातलं कळत नाही, पहिल्या पानावरचं समजावून सांग. तिच्याही पुढचा भाग असेल, तिलाही येणार नाही. तर दोघं मिळून तिच्या सरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करा, आणि सुट्टी संपल्यावर ती यादी घेऊन त्यांच्याकडे गेली का, ते फोनवर विचारा. काय उत्तर मिळालं ते मलाही कळवा. वहीची शिवण सुटली असेल तर आधी दोरा घालून घ्या, पानं मागेपुढे होऊ देऊ नका.